अंगठ्यात पखवाज, अनामिकेत बुवा: फिंगरस्टाइल गिटार कशी शिकावी

चार लोकांसमोर मी पहिल्यांदा गिटार वाजवली ती कुडाळजवळच्या एका घराच्या ओटीवर. डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, सुरू व्हायला वेळ होता. भजनाची मंडळी चहा घेत बसली होती आणि कोणीतरी म्हणालं, वाजव की काहीतरी. महिनाभर घोटलेला एक तुकडा मी वाजवला. अंगठा खर्जाच्या तारांवर न चुकता चालला, बोटं सुटी सुटी पडली, कुठे अडखळलो नाही. वाजवून झाल्यावर कोपऱ्यातले म्हातारे बुवा म्हणाले, "झिला, पखवाज बरो वाजता. पण बुवा खंय आसा?"

माझा ठेका पक्का होता, पण चाल कुणालाच ऐकू आली नव्हती. त्या प्रश्नानंतर माझा सगळा रियाज बदलला. आज कोणाला शिकवायला बसलो तरी तोच प्रश्न समोर ठेवतो आणि हा लेखही त्याच्याच आधाराने लिहितो आहे.

फिंगरस्टाइल म्हणजे पिक (तारा छेडायची छोटी चपटी पट्टी) न घेता बोटांनी तारा छेडायच्या आणि खर्ज, मधला भरणा आणि चाल हे सगळं एकाच गिटारवर एकाच वेळी वाजवायचं. गाणारा कोणी नाही, साथीला कोणी नाही. भजनात कामं वाटलेली असतात: पखवाज ताल धरतो, पेटी मधली जागा भरते, झांज ठेक्याला धार देते आणि बुवा गातो. इथे चारही कामं एका माणसाकडे येतात. अंगठा हा पखवाज. तर्जनी आणि मधलं बोट ही पेटी. अनामिका म्हणजे बुवा. झांजेचं काम लाकडावरच्या थापेने करायचं, पण ते फार पुढचं. ही वाटणी मनात धरून पुढे वाचा.

गिटार निवडताना

दुकानात गेलात की बहुतेक वेळा मोठ्या पोटाची ड्रेडनॉट पुढे येते. कॉर्ड (एकदम वाजवायचे अनेक सूर) वाजवून गाणाऱ्याला ती छान, आवाज दणदणीत. बोटांनी वाजवायला मात्र जरा लहान, कमरेत आवळलेली गिटार बरी पडते. तिला ओएम किंवा कॉन्सर्ट आकाराची म्हणतात. तिचा खर्ज घुमत राहत नाही, त्यामुळे बारीक तारा वेगळ्या ऐकू येतात.

मग नट पाहा. मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी म्हणजे नट. नेहमीच्या गिटारवर तिची रुंदी ४३ मिलिमीटरच्या आसपास असते, बोटांनी वाजवण्यासाठी केलेल्या गिटारवर ४४ ते ४५. फरक एक-दोन मिलिमीटरचाच, पण दाबलेल्या तारेशेजारची तार मोकळी वाजते की बोटाला लागून मुकी होते, हे त्यावर ठरतं. तारांची उंचीही मोजून घ्या: बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार फ्रेटपासून साधारण अडीच मिलिमीटर वर असावी आणि पहिली दोनच्या आत. याहून उंच असेल तर महिनाभरात बोटं सोलतील आणि दोष तुम्ही स्वतःला द्याल.

तारांचा सेट सुरुवातीला अकराचा किंवा बाराचा घ्या, म्हणजे पहिली तार इंचाच्या अकरा किंवा बारा हजारांश जाडीची. अकराचा बोटांना हलका, बाराचा आवाजाला भरीव.

लाकडाबद्दल माझं मत कोकणापुरतं स्पष्ट आहे. अखंड फळीच्या, म्हणजे सॉलिड टॉपच्या गिटारचा आवाज अधिक गोड आणि वर्षागणिक खुलणारा असतो, यात वाद नाही. पण ती हवा पिते. थर चिकटवून केलेल्या लॅमिनेट टॉपचा आवाज तेवढा उघडत नाही, पण तो आपल्या पावसाळ्यात पुष्कळ टिकतो. पहिली गिटार लॅमिनेटची घ्या. सॉलिड घ्यायची असेल तर तिची निगा वर्षभर राखायची तयारी ठेवा.

आगोटीची कामं

मिरची, कडधान्यं, सुकी मासळी भरून ठेवतो तशी गिटारचीही आगोट करायची. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जुलैत आपल्याकडे हवेत ८० टक्क्यांच्या वर ओलावा असतो आणि चिऱ्याची भिंत तो आठवडेच्या आठवडे धरून ठेवते.

मी पहिल्या पावसाळ्यात गिटार अशाच भिंतीला खिळ्यावर टांगून ठेवली होती. श्रावणापर्यंत तिचं पोट फुगलं, तारा बोटभर उंच वाटायला लागल्या आणि ब्रिजच्या (पोटावरची लाकडी पट्टी, जिथे तारा अडकवतात) मागच्या कडेखाली कागद सरकेल एवढी फट पडली. शहरातल्या एका दुकानात नेली. त्यांनी ब्रिज नीट चिकटवायचा सोडून सॅडलची, म्हणजे ब्रिजवर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी घासली आणि तारा खाली आणून दिल्या. दिवाळीनंतर हवा सुकली, फुगलेलं पोट जागेवर बसलं आणि तारा इतक्या खाली आल्या की प्रत्येक फ्रेटवर खरखरायला लागल्या. म्हणून सांगतो, पावसाळ्यात वाढलेल्या उंचीवर सॅडल घासून घेऊ नका. आधी गिटार सुकू द्या. नंतरही उंची राहिली तर जाणकाराकडून मानेतला ट्रस रॉड (मानेचा बाक जुळवणारी सळई) आणि ब्रिज तपासून घ्या. ट्रस रॉडला स्वतः पाना लावू नका.

रोजची काळजी अशी. वाजवून झाली की गिटार तिच्या पेटीत (केसमध्ये), पेटी बंद, पेटी जमिनीवर नाही आणि भिंतीला टेकून नाही. आत छोटा डिजिटल आर्द्रतामापक आणि सिलिका जेलच्या दोन-तीन पिशव्या: एक मानेखाली, एक पोटाजवळ. दाण्यांचा रंग बदलला की ओलावा भरला असं समजा. ते तापवून पुन्हा वापरता येतात, पण स्वयंपाकाच्या तव्यावर तापवू नका, वेगळा पत्रा ठेवा. आणि ऊन पडलं म्हणून पापडासारखी गिटार खळ्यात वाळत घालू नका. भिजलेलं लाकूड झपाट्याने सुकलं की चिरतं.

तारांना गंज फार लवकर चढतो. खारी हवा, घाम, त्यात हाताला लागलेलं खोबरेल. वाजवण्याआधी हात साबणाने धुवा, वाजवल्यावर सुती फडक्याने एकेक तार वरून आणि खालून पुसा. आवरण दिलेल्या कोटेड तारा महाग असतात, तरी जून ते सप्टेंबर मी त्याच लावतो. साध्या फॉस्फर ब्रॉन्झच्या तारा माझ्या पडवीत तीन आठवड्यांत काळ्या आणि मुक्या होतात.

नखं

नख आणि मांस दोन्ही तारेला लागावं, आधी मांस, मग लगेच नख. तसा सूर गोल येतो. नुसत्या नखाचा आवाज पत्र्यासारखा, नुसत्या मांसाचा बोथट. उजव्या हाताची नखं बोटाच्या टोकापुढे एक-दीड मिलिमीटर ठेवा आणि टोकाच्या आकारानेच गोल घासा. कानशीने आकार द्यायचा आणि नंतर गॅरेजवाल्यांकडे मिळणाऱ्या सगळ्यात बारीक वॉटर पेपरने कड गुळगुळीत करायची. कड खडबडीत राहिली तर प्रत्येक सुराआधी बारीक 'खर्र' ऐकू येतं. डाव्या हाताची नखं मात्र मुळापर्यंत कापलेली हवीत.

ज्यांच्या हाताला रोज नारळ सोलणं, कोळंबी साफ करणं, जाळी ओढणं आहे त्यांची नखं टिकणार नाहीत. त्यांनी नुसत्या मांसाने वाजवावं. आवाज मऊ येतो, पण चाल स्पष्ट काढता येते, आणि ओवीसारख्या चालींना मला तोच आवाज जास्त शोभतो.

अंगठा: इथे घाई करू नका

या वादनाचा पाया अंगठा आहे. अमेरिकेत केंटकीच्या मर्ल ट्रॅव्हिस (१९१७–१९८३) यांनी अंगठा आणि तर्जनी एवढ्याच दोन बोटांवर पूर्ण वाद्यवृंद वाजतोय असं वाटायला लावलं. एक दिवस अंगठा, एक दिवस बोटं, असं शिकून ते जमत नाही. अंगठा लक्ष न देता चालायला हवा. चेट ॲटकिन्स (१९२४–२००१) यांनी त्यात आणखी बोटं आणली आणि मधला भरणा श्रीमंत केला. ऑस्ट्रेलियाचे टॉमी इमॅन्युएल आज जगभर हेच वाजवतात. त्यांचं वाजवणं ऐकताना आधी फक्त अंगठा ऐका. वरती काहीही चाललेलं असो, खाली तो बैलगाडीच्या चाकासारखा फिरत असतो.

पहिला आठवडा डावा हात मांडीवर. उजव्या हाताच्या अंगठ्याने पाचवी तार, चौथी, पाचवी, चौथी. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ६० वर. अंगठा मुळाच्या सांध्यातून हलला पाहिजे, टोकाशी वाकला नाही पाहिजे. तार छेडून तो थोडा बाहेर जातो आणि छोटं वर्तुळ करून परत येतो. मनगट स्थिर. तळहाताची कड ब्रिजवर इतकी हलकी टेकवा की जाड तारा अर्धवट दबल्या जातील. मग 'टूंऽऽ' ऐवजी 'टुम' असा आटोपशीर आवाज येतो. पखवाजाच्या धुमाला कणीक लावतात, त्यानेही आवाज असाच आटपतो.

आठवडा संपला की परीक्षा. अंगठा चालू ठेवून घरातल्या कोणाला तरी सांगा, आज बाजारात काय मिळालं, काय भावाने मिळालं. बोलताना अंगठा अडखळला तर अजून एक आठवडा. ही परीक्षा पास न होता पुढे गेलेले माझे सगळे विद्यार्थी तीन महिन्यांनी इथेच परत आले.

दुसऱ्या आठवड्यात डाव्या हाताने सी कॉर्ड धरा. अंगठा तसाच, पाचवी-चौथी. आता केरवा तोंडाने म्हणा: धा गे ना ती, ना क धिं ना. आठ मात्रा. अंगठा पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या मात्रेवर, म्हणजे धा, ना, ना, धिं वर पडतो. मधल्या चार जागा, गे, ती, क आणि शेवटचा ना, बोटांच्या. आता मधल्या बोटाने दुसरी तार फक्त एका जागी वाजवायची. आज 'धा'वर, म्हणजे अंगठ्याबरोबर चिमटीत धरल्यासारखी. उद्या फक्त 'गे'वर. परवा तिसऱ्या मात्रेच्या 'ना'वर. असे आठ दिवस आठ जागा. अंगठ्याबरोबर पडणाऱ्या जागा सोप्या वाटतील. 'ती' आणि 'क' वर हात गोंधळेल, अंगठा बोटाबरोबर थांबायला बघेल. तिथे वेग ५० वर आणा आणि बोल मोठ्याने म्हणा. बोल जिभेवर बसला की हात त्याच्या मागे जातो. आपल्याकडे तबला, पखवाज, ढोलकी सगळं असंच शिकवतात. गिटारच्या पुस्तकातल्या 'एक आणि दोन आणि' पेक्षा मला हे फार जवळचं वाटतं.

आठ जागा सुटल्या की दोन-दोन जागा जोडा: 'धा' आणि 'ती', 'गे' आणि 'क'. मग तीन. एखादा नमुना तीनदा लागोपाठ स्वच्छ आला तरच मेट्रोनोम चारने वाढवा. कॉर्ड बदलताना खर्जाच्या तारा बदलतात: सी आणि ए मायनरला पाचवी-चौथी, जी आणि ई ला सहावी-चौथी. एवढं जमायला सहा आठवडे लागतात. कोणाला दहा. मनगटात किंवा कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं तर त्या दिवसाचा रियाज तिथेच थांबवा. बोटांच्या टोकांना होणारी आग वेगळी आणि स्नायूतली कळ वेगळी.

बुवाला पुढे बसवा

आता त्या म्हाताऱ्या बुवांच्या प्रश्नाकडे येऊ. जाड तारा आपसूक मोठ्या वाजतात, अंगठ्यात जोर जास्त असतो आणि सगळ्यात दुबळ्या अनामिकेकडे सगळ्यात महत्त्वाचं काम दिलेलं असतं. मुद्दाम काही केलं नाही तर चाल बुडणारच.

पहिला उपाय: चौथी, तिसरी, दुसरी आणि पहिली तार चार बोटांनी एकदम छेडा. अंगठा चौथीवर, मग तर्जनी, मधलं, अनामिका. सगळे सूर सारख्या आवाजात. मग पुन्हा तेच, पण फक्त अनामिकेची तार वर आणा. बाकीचे तीन सूर कुजबुजले पाहिजेत. नंतर फक्त मधल्या बोटाची. नंतर फक्त तर्जनीची. रोज पाच मिनिटं. सुरुवातीला सगळी बोटं एकदम जोरात पडतील. महिन्याभराने ती वेगळी होतात.

दुसरा उपाय: चालीचा सूर वाजवताना बोट हवेत सोडू नका, शेजारच्या जाड तारेवर टेकू द्या. पहिली तार छेडली की अनामिका दुसरीवर विसावली पाहिजे. सूर दाट येतो. सगळीकडे हे शक्य नसतं, कारण शेजारची तार दबते, पण लांब सुरांवर जरूर करा.

तिसरा उपाय डाव्या हाताचा. पुढचा सूर वाजेपर्यंत आधीच्या सुराचं बोट उचलू नका. गाणारा दोन शब्दांमध्ये श्वास घेतो, प्रत्येक अक्षरानंतर नाही.

आणि परीक्षा: फोन दहा फुटांवर ठेवून रेकॉर्ड करा. गिटार मांडीवर घेऊन जे ऐकू येतं ते समोरच्याला ऐकू येत नाही. मग ते रेकॉर्डिंग घरातल्या अशा माणसाला ऐकवा ज्याला ती चाल माहीत नाही, आणि म्हणा, गुणगुणून दाखव. त्याने खर्ज गुणगुणला तर तुमचा बुवा अजून मागेच बसला आहे.

चाल अनामिकेनेच वाजवली पाहिजे असं मात्र नाही. अमेरिकेच्या एलिझाबेथ कॉटन (१८९३–१९८७) डावखुऱ्या होत्या आणि उजव्या हाताच्या माणसासाठी तारा लावलेली गिटार तशीच उलटी धरून वाजवायच्या. त्यामुळे त्यांचा खर्ज बोटांनी आणि चाल अंगठ्याने निघायची. कामं अदलाबदल झाली, पण प्रत्येक काम पूर्ण व्हायचं.

डॅडगॅड, म्हणजे सा प सा म प सा

इथपर्यंत तारांची नेहमीची लावणी (ट्यूनिंग) पुरते. आपल्या चाली वाजवायच्या ठरवलं की ती अडचणीची होते, कारण तिच्यात षड्ज-पंचम मोकळ्या तारांवर सलग मिळत नाहीत आणि कॉर्ड धरता धरता चालीची वळणं तुटतात. ब्रिटनच्या डेव्ही ग्रॅहम यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोरोक्कोतल्या ऊद (एक अरबी तंतुवाद्य) वादकांबरोबर वाजवता यावं म्हणून एक वेगळी लावणी वापरली. जाड तारेपासून डी, ए, डी, जी, ए, डी. अक्षरं जोडून तिला डॅडगॅड म्हणतात. फ्रान्सचे पिएर बेन्सुसान पुढे जवळजवळ याच एका लावणीत राहिले. आता डी ला सा माना आणि वाचा: सा, प, सा, म, प, सा. तंबोराच झाला.

लावायची अशी. सहावी, दुसरी आणि पहिली या तीनच तारा हलवायच्या, प्रत्येकी एक पूर्ण स्वर खाली. कानाने जुळवायच्या असतील तर सहाव्या तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक मोकळ्या चौथीशी जुळवा, पाचवीचा हार्मोनिक मोकळ्या दुसरीशी आणि चौथीचा हार्मोनिक मोकळ्या पहिलीशी. हार्मोनिक म्हणजे बोट फ्रेटच्या बरोबर वर तारेला नुसतं टेकवून छेडायचं आणि लगेच उचलायचं. कायम याच लावणीत राहणार असाल तर तारांचा सेट बाराचा किंवा तेराचा करा. सैल अकराची तार खरखरते.

पेटीवाल्याला स्वर सांगताना: कापो (मानेवर सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) न लावता तुमचा सा पांढरी दोन. पहिल्या फ्रेटवर कापो लावला की काळी दोन, दुसऱ्यावर पांढरी तीन, तिसऱ्यावर पांढरी चार. एवढं पाठ असलं तर कोणत्याही भजनाच्या बैठकीत तुम्ही पेटीशेजारी बसू शकता.

पहिल्या तारेवरच्या जागा लिहून घ्या. मोकळी सा, दुसरा फ्रेट रे, चौथा ग, पाचवा म, सातवा प, नववा ध, अकरावा नी, बारावा वरचा सा. कोमल गंधार तिसऱ्यावर, कोमल निषाद दहाव्यावर. दुसऱ्या तारेवर मोकळा मंद्र पंचम, दुसऱ्या फ्रेटवर मंद्र धैवत, चौथ्यावर मंद्र निषाद.

एक चाल बसवून पाहू

जात्यावरच्या ओवीची चाल पहिल्या तुकड्यासाठी सगळ्यात बरी. तिला चार-पाच सूर पुरतात, ओळ छोटी असते आणि ठेका दळणाऱ्या हाताचा असतो. घरातल्या आजीकडून, मावशीकडून एखादी ऐकून घ्या. तोपर्यंत मी धड्यापुरती बांधलेली ही दोन ओळींची चाल घ्या. सूर भूप रागाचे, आठ मात्रांची ओळ, रेघ म्हणजे सूर धरून ठेवायचा.

सा रे ग – ग रे सा –
रे ग प – ग रे सा –

आधी गा. गाता येत नसेल तर वाजवूही नका, निदान गुणगुणा. श्वास कुठे घेता ते पाहा: चौथ्या आणि आठव्या मात्रेवर.

मग नुसती चाल, पहिल्या तारेवर, अनामिकेने: ०, २, ४, धरा, ४, २, ०, धरा. दुसरी ओळ: २, ४, ७, धरा, ४, २, ०, धरा. दुसऱ्या ओळीत चौथ्या फ्रेटवरून सातव्यावर जाताना बोट उचलू नका, तेच बोट दाबलेलं ठेवून सरकवा. ग पासून प पर्यंतची ती मींड या चालीचा जीव आहे. सरकताना दाब कमी झाला तर सूर मधेच मरतो, जास्त झाला तर बोट अडतं. मी माझ्या विद्यार्थ्यांना एवढी एक मींड पंधरा मिनिटं करायला लावतो.

तिसरी पायरी, फक्त समेवर अंगठा: पहिल्या मात्रेला सहावी तार, चालीच्या सुराबरोबर चिमटीत. बाकी काही नाही. आता ती तंबोऱ्यावर गायल्यासारखी वाटायला लागेल. दोन-तीन दिवस इथेच राहा.

चौथी पायरी, अंगठा पूर्ण: पहिल्या मात्रेला सहावी, तिसरीला चौथी, पाचवीला पाचवी, सातवीला पुन्हा चौथी. सगळ्या मोकळ्या तारा, डाव्या हाताला फक्त चाल.

पाचवी पायरी, पेटी. बुवा श्वास घेतो त्या चौथ्या आणि आठव्या मात्रेवर तर्जनीने मोकळी दुसरी तार, हळू. तो पंचम आहे, कुठेही शोभतो. तिसरी तार मात्र मोकळी छेडू नका. तिच्यावर मध्यम आहे आणि भूपात मध्यम नाही. मोकळी तार हाताशी आहे म्हणून वाजवायची ही डॅडगॅडमधली सगळ्यात मोठी भुरळ आहे. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण राग विस्कटल्याचं कळतं. तिसरी हवीच असेल तर दुसऱ्या फ्रेटवर दाबा, तिथेही पंचमच मिळतो.

दुसऱ्यांदा वाजवताना काहीतरी बदला. दुसऱ्या वेळी मी भरणा काढून टाकतो आणि खर्ज दाबून घेतो. तिसऱ्या वेळी शेवटचा सा धरून बाराव्या फ्रेटवर तिसरी सोडून बाकी तारांचा हार्मोनिक एकदम काढतो. तंबोऱ्याच्या चारही तारा दूर कुठेतरी वाजल्यासारखं होतं. सातव्या आणि पाचव्या फ्रेटवरही हार्मोनिक मिळतात, कारण तिथे तारेचे बरोबर तीन आणि चार भाग होतात.

थाप आणि बाकीचं

अमेरिकेचे मायकल हेजेस (१९५३–१९९७) यांनी १९८० च्या दशकात गिटारच्या लाकडावर थापा, दोन्ही हातांनी मानेवर ठोके, विचित्र लावण्या असं पुष्कळ काही आणलं. आज तरुण मुलं तिथूनच सुरुवात करू पाहतात. मी थांबवत नाही, पण आधी दोन तुकडे थापेशिवाय पूर्ण वाजवायला सांगतो. थाप मारायची तर तळहाताच्या टाचेने, ध्वनिछिद्राच्या वरच्या बाजूला, हलकी. तिथे 'धुम' मिळतो. बोटांच्या टोकांनी कडेच्या फळीवर 'ता'. पुढची फळी जेमतेम तीन मिलिमीटरची असते आणि आतून पट्ट्यांनी तोललेली असते, ढोलासारखी बडवायची नाही.

तार बाजूला ओढूनही मींड काढता येते, पण स्टीलच्या जाड तारांवर ती सितारीइतकी लांब जात नाही. ब्रिजभूषण काब्रा आणि विश्वमोहन भट्ट यांनी म्हणून गिटार आडवी घेतली आणि तारेवर सळई फिरवली. ती वेगळी विद्या आहे. त्यांचं ऐकत मात्र राहा, सूर कुठून कुठे कसा जातो ते कानात बसतं.

मंडपात वाजवायचं झालं तर

चतुर्थीला चाकरमानी घरी येतात, आरतीनंतर कोणीतरी आग्रह करतंच. माइकवर वाजवणार असाल तर सॅडलखालच्या पिकअपची (तारांचा आवाज स्पीकरला पोचवणारं यंत्र) गिटार बरी. साउंडवाल्याला आधीच सांगा की ही गाण्यामागची गिटार नाही, एकटीच वाजणार आहे. नाहीतर तो खर्ज वाढवून मोकळा होतो आणि बुवा पुन्हा मागे जातो. हूं हूं असा घोंगाट सुरू झाला तर ध्वनिछिद्रावर रबराचं झाकण बसवा आणि स्पीकरकडे गिटारचं तोंड करू नका.

तारा तासभर आधी नव्या लावू नका, दोन दिवस आधी लावा, म्हणजे ताणून स्थिरावतात. गिटार पेटीतून काढून अर्धा तास मंडपातल्या हवेत राहू द्या आणि मगच जुळवा. दिव्यांच्या उष्णतेने तारा खाली उतरतात, सैल केलेली सहावी आधी. दर दोन तुकड्यांनंतर ती चौथीशी ताडून पाहा. चढवताना आधी खुंटी थोडी सोडून तार खाली न्या आणि मग खालून वर सुरापर्यंत आणा. वरून खाली आणलेली तार पहिल्याच जोराच्या ठोक्याला आणखी उतरते.